केलें, केले, केलं, केलो : भूतकाळाच्या लेखनाचा एक प्रादेशिक इतिहास

१

उत्तरपत्रिका तपासताना लाल शाई कोठे खर्च होते, याचा हिशेब आपण सहसा ठेवत नाही. प्रस्तुत लेखकाने तो एका उन्हाळ्यात सहज म्हणून ठेवून पाहिला. मूल्यमापन केंद्रातील एकाच लांब टेबलाच्या एका बाजूला मराठीचे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीचे परीक्षक बसले होते. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतील पदवीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका दोन्ही बाजूंना होत्या. इंग्रजीचे सहकारी 'स्टॉप' या क्रियापदाच्या भूतकाळी रूपात एकच 'पी' लिहिलेला पाहून तेथे दुसरा 'पी' भरत होते. इकडे 'ही कादंबरी वाचल्यावर मी खूप विचार केलो' अशा धर्तीच्या वाक्यातील 'केलो' खोडून प्रस्तुत लेखक 'केला' करीत होता. दोन्हीकडे चूक भूतकाळाचीच होती आणि ती करणारा विद्यार्थीही बहुधा एकच होता.

तथापि या दोन चुकांवरच्या प्रतिक्रिया सारख्या नव्हत्या. इंग्रजीतील गळालेल्या 'पी'विषयी कोणी हसले नाही. स्पेलिंग कच्चे आहे, एवढेच म्हटले गेले. 'केलो'विषयी मात्र टेबलावर हसू उमटले. त्यातील एकाने, तोही याच भागातला, 'आपल्याकडचं पोरगं' असा शेरा मारला. पहिली चूक अभ्यासाची मानली गेली आणि दुसरी वळणाची, म्हणजे पर्यायाने घराची. त्या हसण्यात प्रस्तुत लेखकही सामील होता, हे येथे नोंदवणे भाग आहे. कारण त्याचे वडील आयुष्यभर 'मी केलो' असेच बोलत आले.

प्रस्तुत लेखाचा हेतू 'केलो'ची वकिली करण्याचा नाही. भूतकाळी क्रियापदाच्या लेखनाचे नियम कसे घडतात, ते घडताना कोणती माहिती जपली जाते आणि कोणती पुसली जाते, आणि नियमाबाहेर राहिलेल्या रूपाला 'चूक' हे नाव नेमके कोणत्या आधाराने मिळते, याचा ऐतिहासिक शोध घेणे हा त्याचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम टेबलाच्या पलीकडच्या बाजूकडे पाहणे सोयीचे होईल.

२

इंग्रजीच्या नियमित क्रियापदांचा भूतकाळ शेवटी 'ई' आणि 'डी' ही दोन अक्षरे जोडून लिहिला जातो. विद्यार्थ्याला शिकवले जाणारे पोटनियम साधारणपणे असे : मूळ शब्दाच्या शेवटी 'ई' असेल तर केवळ 'डी' जोडावा; शेवटी व्यंजनानंतर 'वाय' असेल तर त्याचा 'आय' करावा, म्हणून 'ट्राय'चे रूप बदलते, पण 'प्ले'चे बदलत नाही; एकावयवी शब्दात एका स्वरानंतर एकच व्यंजन आले तर ते दुहेरी करावे, म्हणून 'स्टॉप'ला दुसरा 'पी' मिळतो. अनेकावयवी शब्दांत आघात कोठे आहे हे पाहावे : 'प्रिफर'मध्ये तो शेवटच्या अवयवावर आहे म्हणून 'आर' दुहेरी होतो, 'व्हिजिट'मध्ये तो पहिल्यावर आहे म्हणून 'टी' एकटाच राहतो.

हे नियम वरवर यांत्रिक वाटतात, पण त्यांच्यामागे एक जुनी लेखनयुक्ती आहे. व्यंजन दुहेरी लिहिले की आधीचा स्वर ऱ्हस्व समजावा, हा संकेत बाराव्या शतकातील ऑर्म या धर्मोपदेशकाने आपल्या 'ऑर्म्युलम' या ग्रंथात विलक्षण काटेकोरपणे पाळला होता. दुसरा 'पी' हा वाचकाने 'स्टोप्ड' असे वाचू नये म्हणून घातलेला बांध आहे. पण देवनागरीत विचार करणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ स्वतंत्र चिन्हांनी दाखवण्याची सवय असते. स्वराची लांबी पुढच्या व्यंजनाच्या संख्येवरून ओळखायची, ही कल्पनाच त्याला परकी असते. तेव्हा गळालेला 'पी' हा आळसापेक्षा दोन लेखनपद्धतींमधील अंतराचा पुरावा आहे.

याहून लक्षणीय गोष्ट त्या 'ई-डी'ची आहे. तो तीन प्रकारे उच्चारला जातो : 'स्टॉप'च्या रूपात 'ट', 'प्ले'च्या रूपात 'ड' आणि 'वाँट'च्या रूपात 'इड'. मध्ययुगीन इंग्रजीत हा प्रत्यय स्वतंत्र अवयव म्हणून उच्चारला जात असे. पुढे त्यातील स्वर लोपला आणि तो केवळ 'ट' व 'ड' यांच्यानंतरच टिकून राहिला. सतराव्या-अठराव्या शतकांतील कवी व मुद्रक हा लोप लोपचिन्हाने दाखवीत. १७११ साली ॲडिसनने आणि १७१२ साली इंग्रजी भाषा सुधारून स्थिर करण्याविषयीच्या आपल्या प्रस्तावात जोनाथन स्विफ्टने या आखूड रूपांविरुद्ध तक्रार केली. स्विफ्टच्या दृष्टीने स्वर गाळणे हे रानटीपणाचे लक्षण होते. उच्चाराच्या लढाईत स्विफ्ट हरला, लेखनाच्या लढाईत मात्र त्याचा पक्ष जिंकला. स्वर बोलण्यातून गेला आणि कागदावर राहिला.

तो कागदावरूनही काढण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९०६ साली स्थापन झालेल्या सुलभ लेखन मंडळाने तीनशे शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत 'ड्रॉप', 'स्टेप', 'किस', 'विश' यांसारख्या क्रियापदांचे भूतकाळ उच्चाराप्रमाणे शेवटी 'टी' घालून लिहावेत असे सुचवले होते. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी सरकारी मुद्रणालयाला ही यादी वापरण्याचा आदेश दिला. वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने विरोध नोंदवला आणि आदेश मागे पडला. परिणामी इंग्रजीने उच्चार सोडला व व्याकरण धरले. तीन ध्वनींना एकच लेखनरूप राहिले आणि वाचकाच्या डोळ्याला भूतकाळ एका दृष्टिक्षेपात ओळखता येऊ लागला. लेखननियम कानाशी इमान राखतात की व्याकरणाशी, हा येथे प्रश्न होता. मराठीपुढेही तो आला, पण मराठीने दिलेले उत्तर अधिक गुंतागुंतीचे ठरले.

३

मराठीत भूतकाळाची खूण 'ल' ही आहे. काही धातू तिच्यापुढे आपले रूप बदलतात : करणे-केला, जाणे-गेला, येणे-आला, मरणे-मेला, घेणे-घेतला, मागणे-मागितला, खाणे-खाल्ला. पण 'ल' बहुतेक कायम असतो. वाद 'ल'चा नव्हता, त्याच्या डोक्यावरच्या टिंबाचा होता.

जुन्या लेखनपद्धतीत 'काम केलें' यातील 'केलें' सानुस्वार लिहिले जाई आणि 'लाडू केले' यातील 'केले' निरनुस्वार. पहिले नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. त्याचप्रमाणे 'चिठ्ठी वाचली' आणि 'पुस्तकें वाचलीं', 'तो गेला' आणि 'मी गेलों' अशी व्यवस्था होती. हे अनुस्वार व्युत्पत्तिसिद्ध होते. कधीकाळी ते नाकातून उच्चारले जात असत आणि गोव्याच्या कोंकणीत 'केलें'मधील अनुनासिक आजही ऐकू येते. देशावरच्या बोलण्यातून ते केव्हाच गेले होते. मोडीत लिहिणारा कारकून तर अनुस्वार बहुधा घालतच नसे आणि तरी त्याचा व्यवहार अडत नव्हता. टिंबांचा आग्रह बाळबोध मुद्रणाबरोबर आणि व्याकरणग्रंथांबरोबर बळावला. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. या पाऊणशे वर्षांत शाळा, क्रमिक पुस्तक आणि छापखाना या तिघांनी मिळून 'केलें'ला सुशिक्षितपणाचे चिन्ह बनवले.

१९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. मराठवाडा साहित्य परिषद ही त्याच्या घटक संस्थांपैकी एक होती. महामंडळाने सिद्ध केलेले चौदा लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होवोत वा न होवोत, लिहू नयेत असे ठरले. 'केलें'चे 'केले' झाले, 'गेलों'चे 'गेलो' झाले. लक्षावधी मुलांची टिंबांच्या जाचातून सुटका झाली, ही या नियमांची पुण्याई नाकारता येणार नाही. स्विफ्टच्या नेमके उलट, महामंडळाने कानाचा पक्ष घेतला असे म्हणता येईल.

परंतु असे म्हणणे अर्धेच खरे आहे. कानाचा पक्ष खरोखर घेतला असता तर प्रमाण लेखनात 'काम केलं' हेच रूप यावयास हवे होते. कारण पुण्यात किंवा मुंबईत 'काम केले' असे बोलताना कोणी आढळत नाही. नियमांनी 'केलं', 'सांगितलं', 'म्हटलं' ही रूपे संवादापुरती, पात्राच्या तोंडी घालण्यापुरती मान्य केली. इतरत्र 'केले' लिहावे असे सांगितले. येथे दोन गोष्टी घडल्या. एक, टिंबाचा अर्थ बदलला : 'केलें'मधील टिंब नाकाची खूण होते, 'केलं'मधील टिंब 'येथे शेवटचा अकार उच्चारा' एवढेच सांगते. दोन, निवेदन आणि संवाद यांच्यामध्ये लेखनाची एक सीमारेषा आखली गेली. निवेदक 'केले' म्हणतो, पात्र 'केलं' म्हणते. मराठी कथात्म साहित्यातील निवेदकाचा तटस्थ, काहीसा उंचावरचा स्वर घडण्यात या रेषेचा वाटा किती, याचा विचार आपल्या कथनमीमांसेने अद्याप पुरेसा केलेला नाही.

ही रेषा कोठे मोडते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. ती एका शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितलेली आहे. येथे निवेदक आणि पात्र एकच असल्यामुळे संवादाला दिलेली सवलत संपूर्ण संहितेवर पसरते आणि नियमाने आखलेली सीमा अर्थशून्य होते. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत आपण बोलीच्या 'गोडव्या'विषयी पुष्कळ बोललो, पण बोली निवेदनात शिरताच प्रमाणलेखनाने गृहीत धरलेली श्रेणीव्यवस्था कोसळते, या वाङ्मयीन घटनेकडे आपले लक्ष कमी गेले.

अनुस्वार गेल्याने एक नुकसानही झाले आणि ते वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक जाणवावे. 'केले' पाहून नपुंसक एकवचन की पुल्लिंगी अनेकवचन, 'ती आली' पाहून एक मुलगी की अनेक मुले, हे आता केवळ संदर्भावरून ठरवावे लागते. चालू लेखनात त्याने फारसे अडत नाही. पण एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या काढताना संपादक अनुस्वार सरसकट काढून टाकतात, तेव्हा मूळ लेखकाने दिलेली व्याकरणिक माहिती कायमची पुसली जाते. विद्यार्थ्याच्या हाती येते ती सुलभ झालेली, पण साक्ष गमावलेली संहिता.

४

आतापर्यंत आपण टिंबाविषयी बोललो. 'केलो'चा प्रश्न याहून खोलवरचा आहे. तेथे अक्षराचा नव्हे, तर क्रियापद कोणाच्या मागे चालते याचा वाद आहे. त्यासाठी मराठीच्या जुन्या साक्षीकडे जावे लागेल.

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली मराठी वाक्ये शाळेच्या पुस्तकापासून आपल्या परिचयाची आहेत. त्यांचा काळ पूर्वी ९८३ मानला जाई. पुढे ती वाक्ये १११६च्या सुमारास कोरली गेली असावीत असे मत मांडले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा हा लेख पुन्हा एकदा सर्वांच्या तोंडी आला. पण त्याच्या शेजारी काय कोरले आहे, याची चर्चा क्वचितच होते. मराठीत 'चावुण्डराजें करवियलें' आहे आणि तेथेच कन्नडमध्ये 'चामुण्डराजं माडिसिदं' आहे. तमिळ वाक्यही जवळच आहे. आशय एकच : चामुंडरायाने करविले.

ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचली की एक मोठा भेद उघड होतो. मराठी वाक्यात कर्ता तृतीयेत आहे, 'राजें' म्हणजे राजाने. आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात आहे. राजा पुल्लिंगी असूनही क्रियापदाने त्याची दखल घेतलेली नाही. कन्नड वाक्यात कर्ता प्रथमेत आहे आणि 'माडिसिदं' यातील शेवटचा प्रत्यय त्याच्याशीच जुळतो : तृतीय पुरुष, पुल्लिंग, एकवचन. मराठीचे क्रियापद कृत्यामागे जाते, कन्नडचे कर्त्यामागे. एकाच शिळेवर भूतकाळाची दोन व्याकरणे अशी सुमारे नऊशे वर्षे शेजारी उभी आहेत.

मराठीची ही रीत कोठून आली हे व्युत्पत्तिशास्त्राने स्पष्ट केले आहे. संस्कृतातील भूतकाळाची तिङन्त रूपे प्राकृतांत मागे पडली आणि 'रामेण कृतम्' या धर्तीची कृदन्त रचना भूतकाळ म्हणून रूढ झाली. त्या धातुसाधिताला 'इल्ल' हा प्राकृत प्रत्यय जोडला जाऊन मराठीचा 'ल' आला. म्हणजे 'केलें' हे मुळात क्रियापद नसून विशेषण होते. विशेषणाने ज्याला विशेषायचे त्याच्या लिंगवचनाशी जुळावे, यात नवल नाही. जुन्या मराठीत 'मियां केलें', नंतर 'म्यां केलें' असे लिहिले जाई आणि 'म्यां' या रूपात तृतीया स्पष्ट दिसे.

पुढे 'म्यां' लोपला आणि त्याच्या जागी 'मी' आला. 'तुवां'च्या जागी 'तू' आला. आता 'मी गेलो' आणि 'मी केले' या दोन्ही वाक्यांत कर्ता दिसायला तंतोतंत सारखा झाला. व्याकरणकार सांगतो की पहिला 'मी' प्रथमेतला आणि दुसरा तृतीयेतला. पण हा भेद बोलणाऱ्याच्या कानावर कोठेही पडत नाही. तो व्याकरणाच्या वर्गात शिकावा लागतो. व्यवस्थेतील आधाराचा खांब निघाला आणि छप्पर तेवढे राहिले, अशी ही स्थिती होती.

५

नांदेड-लातूरच्या बोलीने त्या स्थितीतून काढलेला निष्कर्ष म्हणजे 'मी केलो'. 'मी भाकरी खाल्लो', 'मी त्याला सांगितलो', 'मी पिक्चर बघितलो' ही रूपे या दोन जिल्ह्यांत, धाराशिवच्या काही भागांत आणि सोलापुराकडेही सहज ऐकू येतात. देगलूर, उदगीर या सीमेलगतच्या भागांत 'तो मला मारला' अशी तृतीय पुरुषाची वाक्येही कानावर येतात. म्हणजे भूतकाळाचा कर्मणि प्रयोग मागे सारून कर्तरी प्रयोग सर्वत्र पसरत आहे.

याचे कारण भोवतालच्या भाषांत शोधण्याची रीत आहे आणि ती निराधार नाही. नांदेडच्या पूर्वेला तेलुगू आहे, लातूरच्या दक्षिणेला कन्नड. दोन्हींत क्रियापद कर्त्याशीच जुळते. तिसरी शेजारीण आपण अनेकदा विसरतो, ती म्हणजे दखनी. उत्तरेच्या उर्दूत 'मैंने रोटी खाई' असते, पण दखनीत 'ने' गळतो आणि 'मैं रोटी खाया' असे वाक्य होते. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूतून चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. कचेरीत उर्दू, बाजारात दखनी, शेतात मराठी आणि सोयरिकीत तेलुगू-कन्नड अशी अनेक घरांची भाषिक दिनचर्या होती. गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी १९७१ साली जे दाखवले, म्हणजे शब्द निरनिराळे राहतात पण वाक्यरचना एकमेकींजवळ येतात, त्याला पोषक अशीच ही परिस्थिती होती.

परंतु सारे ओझे शेजाऱ्यांवर टाकण्यापूर्वी आपल्या प्रमाण मराठीकडेही पाहिले पाहिजे. 'मी धडा शिकलो', 'मी नाव विसरलो', 'मी पाणी प्यालो', 'तो खोटे बोलला' ही वाक्ये पूर्णतः शुद्ध मानली जातात. येथे कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. 'मी धडा शिकलो' शुद्ध आणि 'मी धडा वाचलो' अशुद्ध, यामागे तर्क नाही; रूढी आहे आणि अपवादांची यादी आहे. आणखी पुढे, 'तू मला पुस्तक दिलेस' या वाक्यात 'दिले' कर्माशी जुळते आणि शेवटचा 'स' कर्त्याशी. या मिश्र रचनेला आपल्या व्याकरणाने कर्तृकर्मसंकर असे नाव देऊन घरात घेतले आहे. याचा अर्थ, कर्त्याने क्रियापदावर हक्क सांगण्यास सुरुवात प्रमाणभाषेतच झाली होती. द्वितीय पुरुषात 'दिलेस'ला दार उघडणारे व्याकरण प्रथम पुरुषात 'दिलो'ला दारात अडवते, एवढाच भेद.

आणि मराठीच्या बहिणींपैकी बंगालीने हा प्रवास केव्हाच पूर्ण केला आहे. बंगालीच्या भूतकाळातही 'ल' आहे आणि तिच्या जुन्या अवस्थेत क्रियापद कर्माशी जुळत असे. आज 'आमि कोरलाम' यातील प्रत्यय केवळ कर्त्याचा आहे. जे कोलकात्यात प्रमाण आहे ते नांदेडात अशुद्ध ठरते. भाषेच्या इतिहासात दोन्ही एकाच प्रक्रियेचे टप्पे आहेत.

मग या प्रदेशाची ही रूपे अभ्यासकांच्या नजरेतून इतका काळ का निसटली? ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या बोलींचा विचार करताना आपण आजही त्याच्याकडे वळतो. पण ते सर्वेक्षण मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद या प्रदेशांत झालेच नव्हते. इंग्रजी अमलाखालच्या गावांतून नमुने गोळा झाले, निजामाच्या राज्यातील नांदेड-लातूरचे आवाज त्या वहीत आले नाहीत. व्याकरणे पुण्यामुंबईत लिहिली गेली, सर्वेक्षण सीमेवर थांबले, आणि १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला तेव्हा 'शुद्ध' रूप अगोदरच ठरलेले होते. १९६२च्या नियमांच्या वेळी या विभागाची साहित्य परिषद महामंडळात होती, हे खरे. पण चर्चा ऱ्हस्व-दीर्घांची आणि अनुस्वारांची होती. प्रयोगाचा प्रश्न लेखननियमांच्या कक्षेतच येत नव्हता. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी हाती घेतलेल्या बोलींच्या सर्वेक्षणात मराठवाड्यातील गावांचेही ध्वनिमुद्रण झाले आहे, ही त्या दृष्टीने उशिरा का होईना पण महत्त्वाची घटना होय.

६

आता त्या टेबलाकडे परत येऊ. एक बारीक गोष्ट तपासणीच्या त्या दिवसांत लक्षात आली नव्हती, ती हा लेख लिहिताना आली. 'मी काम केलो' लिहिणारा मुलगा पकडला जातो. त्याची बहीण त्याच घरात, त्याच व्याकरणाने बोलते. तिचा कर्तरी भूतकाळ 'मी गेले' या वळणावर 'मी काम केले' असा होतो. आणि प्रमाण लेखनातील कर्मणि रूपही 'मी काम केले' असेच दिसते. परीक्षक तिच्या वाक्यावर बरोबरची खूण करून पुढे जातो. बोलण्यात हा भेद लपला नसता, कारण प्रमाण बोलण्यातले 'केलं' आणि तिचे 'केले' कानाला वेगळे लागतात. कागदावर मात्र तो नाहीसा होतो. कर्म स्त्रीलिंगी आले, तिने 'मी चूक केले' असे लिहिले, की तीही सापडते. म्हणजे आपण ज्याला भाषेवरचे प्रभुत्व म्हणून गुण देतो, त्यातील काही भाग केवळ लेखनातील योगायोगाचा असतो. लिपी एका भावंडाला झाकते आणि दुसऱ्याला उघडे पाडते.

इंग्रजीचा परीक्षक दुसरा 'पी' भरतो तेव्हा त्या नियमामागे छापखाना, कोशकार आणि स्विफ्टचा राग आहे, हे त्याला ठाऊक असो वा नसो, तो विद्यार्थ्याच्या घराविषयी काही बोलत नाही. इंग्रजी ही शिकण्याची भाषा आहे, तेव्हा तिच्यातील चूक ही न शिकल्याची चूक, असे आपण मानतो. मराठी ही येणारी भाषा आहे असे गृहीत धरतो आणि म्हणून तिच्यातील चूक ही असण्याची चूक ठरते. पण वरील विवेचन मान्य केले तर प्रमाण मराठीही नांदेड-लातूरच्या मुलाला शिकावीच लागते. 'शिकलो' चालते आणि 'वाचलो' चालत नाही, ही यादी त्याला 'प्रिफर' आणि 'व्हिजिट' यांच्यातील भेदाइतकीच पाठ करावी लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली आणि तिच्या नियमांसाठी वेगळे तास, वेगळ्या सरावपुस्तिका आल्या. प्रमाण मराठीच्या भूतकाळासाठी मात्र असा एकही तास वेगळा ठेवलेला नाही, कारण ते त्याला 'येतेच' असे आपण समजतो.

याचा अर्थ उत्तरपत्रिकेतील 'केलो' तसेच राहू द्यावे असा नव्हे. प्रमाणभाषा ही व्यवहाराची गरज आहे आणि ती या मुलांच्या हाती पूर्णपणे यावी, यातच त्यांचे हित आहे. नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेला माणूस श्रवणबेळगोळचा शिलालेख आठवणार नाही. खोडावे जरूर, पण समासात 'अशुद्ध' एवढाच शब्द न लिहिता 'येथे कर्मणि प्रयोग : विचार केला' असे लिहावे. वर्गात 'मी शिकलो' आणि 'मी केला' ही वाक्ये शेजारी मांडून भेद समजावून द्यावा. आणि बोलीतील निवेदनाची संहिता संपादित करताना 'केलो', 'गेल्ता', 'आल्ता' या रूपांना मुद्रणदोष समजून हात लावू नये. 'गेला होता' याचे आखूड झालेले 'गेल्ता' कसे लिहावे, याविषयी आपल्याकडे कोणताच संकेत नाही. कोणी 'गेलता' लिहितो, कोणी 'गेल्ता'. स्विफ्टच्या काळी इंग्रजीत हा गोंधळ होता. आपला आज आहे आणि तो नोंदवून ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे.

नांदेडचे विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. त्याच्या कक्षेतील महाविद्यालयांत दरवर्षी हजारो विद्यार्थी मराठीतून लिहितात. त्यांच्या उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात आणि त्यांच्याबरोबर या प्रदेशाच्या भूतकाळी क्रियापदाचा सर्वांत मोठा लिखित संग्रहही जातो. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांपासून तपासताना शेजारी एक वही ठेवली आहे. लाल शाईने जे खोडले जाते ते निळ्या शाईने तीत उतरवले जाते : वाक्य, तालुका, कर्ता स्त्री की पुरुष. वहीतील पहिले वाक्य विद्यार्थ्याचे नाही. वडिलांनी एकदा सहज म्हटलेले, 'मी तुला सांगितलो होतो', हे ते वाक्य आहे आणि त्याच्या खाली कोणतीही दुरुस्ती केलेली नाही.